जात्याचा खुंटा हातात आल्यावर : म्हाताऱ्या माणसांचं मन आणि कलेचा आधार

दुधनाकाठ
शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले, आज बसलेच.

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या पारामागं एक जुनी खोली आहे. गेल्या पोळ्याच्या आधीपासून दर शनिवारी सकाळी तिथं आम्ही पंधरा-सोळा म्हातारी माणसं जमवतो. मी निवृत्त शिक्षिका. सोबत एक मैत्रीण आहे, तिनं कलाधारित उपचाराचं रीतसर शिक्षण घेतलंय, महिन्यातून दोनदा ती पुण्याहून येते. बाकीचे शनिवार मी तिला फोनवर विचारून निभावते.

आमच्याकडं एक आजी येतात. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. मालक जाऊन दोन वर्षं झाली. पहिल्या दिवशी सून घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "खात्यात, पित्यात, पण बोलत न्हाईत. दवाखान्यात नेलं तर म्हणले वय झालं की हुतंच आसं." पहिले चार शनिवार आजी भिंतीला टेकून बसल्या, पदर तोंडाशी. मी त्यांच्यापुढं कोरा कागद आणि रंगीत खडू ठेवले आणि म्हणाले, "आजी, एखादं फूल काढा." त्यांनी खडूला हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, "मला न्हाई येत बाई. मी आडाणी हाय."

ते वाक्य मला फार लागलं. चूक माझी होती. जी बाई शाळेची पायरी चढली नाही, तिच्यापुढं कागद ठेवला म्हणजे मी तिला परीक्षेलाच बसवलं होतं. तीस वर्षं शिकवल्याची सवय, दुसरं काय.

पाचव्या शनिवारी एका घरच्या गोठ्यातून जुनं जातं आणलं. वर पेंडीची पोती रचलेली होती, ती काढून, धुऊन, गोणपाटावर मांडलं. खुंटा किडला होता. एका आजोबांनी बाभळीचा नवा तासून ठोकून बसवला. मी कुणालाच काही म्हणाले नाही. थोड्या वेळानं त्या आजी आपल्या आपण उठल्या, एक पाय लांब, एक दुमडून जात्यापाशी बसल्या, पदर खोचला, मूठभर ज्वारी जात्यात घातली आणि खुंटा धरला. पहिले दोन-तीन फेरे नुसती घरघर. मग त्या घरघरीतूनच आवाज वर आला:

सरलं दळण बाई, जात्याभवती गं पीठ
गेल्याल्या धन्याच्या वाटंवर माझी दीठ

ही ओवी त्यांनी तिथंच बांधली, आधीची नव्हती. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "आली तोंडात." दुसरी ओवी अर्ध्यात राहिली आणि त्या रडायला लागल्या. आमचा एकच नियम आहे, कुणी रडलं तर "रडू नगा" म्हणायचं नाही. शेजारच्या बाईनं नुसता खुंट्यावर स्वतःचा हात ठेवला आणि दोघी मिळून दळत राहिल्या. निघताना आजी मला म्हणाल्या, "ह्यांला दवाखान्यात नेलं तवा मला गाडीत जागा नव्हती म्हनले. मंग तोंडच बघितलं ते आसं." दोन वर्षं हे पोटात होतं. घरात सगळ्यांना वाटत होतं की म्हातारीला काही समजत नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मनापर्यंत जाणारी वाट त्याच्या हातातून जाते, आणि आपल्याकडच्या हातांना काय येतं हे आपण विचारतच नाही. तुमच्याकडं, मराठवाड्यात कुठंही, कुणी असं काही करत असेल किंवा घरात अनुभवलं असेल तर लिहा. बिघडलेलंही लिहा.

---

टाळकरी
शनिवार, रात्री १०.०२

ताई, वाचताना माझी आजी डोळ्यापुढं आली. पण एक विचारतो, राग मानू नका. मी गंगाखेडचा, जनाबाईच्या गावचा. जातं आणि मन यांचं नातं आम्हाला कुणी बाहेरून येऊन सांगावं लागत नाही. हरिपाठ आहे, कार्तिकात काकडा आहे, वर्षाला सप्ताह आहे. माणूस गातो, रडतो, हलका होतो. मग ह्याला उपचार म्हणायचं कारण काय? नाव दिलं की उद्या त्याची फी लागते.

---

दुधनाकाठ
शनिवार, रात्री १०.४०

राग कसला टाळकरीदादा. आमच्या खोलीतले पाचजण रोज हरिपाठाला बसतात. भजनानं माणूस तरतो हे मी स्वतःच्या वडिलांत पाहिलंय.

तरी दोन गोष्टी दिसल्या त्या सांगते. भजनात शब्द संतांचे असतात, आपण त्यात आपलं दुःख ओततो. पण "मला गाडीत जागा नव्हती" हे वाक्य कोणत्या अभंगात बसवायचं? सुनेवरचा राग, जावेनं चाळीस वर्षांपूर्वी केलेला अपमान, नवऱ्यानं उचललेला हात, हे सगळं सप्ताहात बोलता येत नाही. दुसरं म्हणजे जो गप्प झालाय तो भजनाला येतच नाही. आला तरी खांबामागं बसतो आणि त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. आमच्याकडं लक्ष ठेवणं हेच काम आहे. मागच्या शनिवारपेक्षा आज हात कसा चालतोय, घास जातोय का, कोण कुणाशेजारी बसलं, हे मी वहीत लिहिते.

आणि ओवी काय, सगळ्यांची असते. माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत, १९९६ साली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्यांचं जे प्रचंड काम केलं, लाखाच्या वर ओव्या, त्यातलंच ते. आमच्या खोलीत त्याही गायल्या जातात.

फीचं म्हणाल तर आमचा खर्च चहा-साखर आणि गोणपाट.

---

समुपदेशक_नांदेड
रविवार, सकाळी ७.१५

दुधनाकाठ, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. मी मनोसामाजिक काम करतो, नांदेड-हिंगोली भागात बारा वर्षं झाली. जरा लांब लिहितोय.

सगळ्यात आधी त्या सुनेला मिळालेल्या उत्तराबद्दल. "वय झालं की होतंच असं" हे उत्तर चुकीचं आहे आणि मराठवाड्यात ते रोज दिलं जातं. म्हातारपणी माणूस गप्प होण्याची कारणं कितीतरी असतात. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, ऐकू न येणं, मोतीबिंदू, चालू असलेल्या एखाद्या गोळीचा परिणाम, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आणि उदासीनता म्हणजे डिप्रेशन. यातली अर्धी कारणं साध्या तपासणीत सापडतात. त्यामुळं जात्यापाशी बसवा, जरूर बसवा, पण रक्त, कान आणि डोळे तपासून घ्या. ज्याला ऐकूच येत नाही तो गटात आणखी एकटा पडतो.

आपल्याकडचं म्हातारं माणूस "मी उदास आहे" असं कधीच म्हणत नाही. ते म्हणतं, "अंगात कणकण हाय, पोटात आग पडती, झोप न्हाई, घास गिळंना." वृद्धांची उदासीनता ओळखायला १९८० च्या दशकात एक वेगळी प्रश्नावली तयार झाली. तिचा छोटा नमुना पंधरा प्रश्नांचा आहे, उत्तरं फक्त हो किंवा नाही. वाचता न येणाऱ्यालाही तोंडी विचारता येते. तुमच्या मैत्रिणीला ती माहीत असणारच. दर तीन महिन्यांनी विचारा, वहीतल्या नोंदींना जोड मिळेल. देशभर ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची जी मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, लासी म्हणतात तिला, त्यात साठीच्या पुढच्यांपैकी शंभरात साधारण आठजणांत तीव्र उदासीनतेची लक्षणं दिसली. म्हणजे तुमच्या खोलीत एक-दोघं असणारच.

आता टाळकरी यांच्या प्रश्नाकडं. 'आर्ट थेरपी' हे नाव एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं १९४२ मध्ये वापरलं. तो स्वतः क्षयरोगी म्हणून सॅनेटोरियममध्ये पडून होता आणि खाटेवरून जे दिसेल ते काढत होता. म्हणजे सुरुवात रोग्याच्या हाताशी जे होतं तिथूनच झाली, जशी तुमची जात्यापासून. पुढं १९७० च्या दशकात अमेरिकेत लेस्ली कॉलेजमध्ये पाओलो निल, शॉन मॅकनिफ वगैरे मंडळींनी चित्र, संगीत, नाच, नाट्य, शब्द यांच्या भिंती काढून टाकल्या. एका कलेतून दुसरीत जायचं. आधी गुणगुण, मग अंगाची हालचाल, मग माती, मग शेवटी शब्द. नॅटली रॉजर्स यांनीही हीच दिशा धरली, प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या त्या कन्या. तुमच्या आजींचंच बघा. आधी हात फिरला, मग सूर आला, मग ओवी, मग रडू, आणि सगळ्यात शेवटी साधं वाक्य. "आजी, तुम्हाला काय दुःख आहे?" असं पहिल्या दिवशी विचारलं असतं तर काहीही हाती लागलं नसतं.

पुरावा किती आहे तेही प्रामाणिकपणे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्यावरच्या तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा काढला, त्यात चित्र आशादायक आहे. स्मृतिभ्रंश आणि संगीत यावर कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा २०१८ चा आढावा आहे, २२ चाचण्यांचा. निष्कर्ष असा की किमान पाच सत्रांनंतर उदासीनतेची लक्षणं बहुधा कमी होतात, पण चिडचिड आणि अस्वस्थपणा फारसा कमी होत नाही. म्हणजे उपयोग आहे, जादू नाही. मध्यम-तीव्र उदासीनता असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं, बऱ्याचदा गोळ्याही लागतात. कला त्यांच्या सोबत चालते.

एक अवघड गोष्ट. "आता देवानं न्यावं" हे आपल्या म्हाताऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात असतं, पण ते उडवून लावू नका. त्यासोबत गोळ्या बंद केल्या, जवळच्या वस्तू वाटायला सुरुवात केली, जेवण सोडलं, तर सरळ आणि मायेनं विचारा, "जीव नकोसा झालाय का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं. आणि फवारणीचं औषध घरात उघड्यावर ठेवू नका, कुलपात ठेवा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. म्हणून पारामागच्या खोल्या आपल्याकडं जास्तच लागतात.

---

मोंढा_जालना
रविवार, सकाळी ९.३०

गडीमाणसं येतात का हो ताई? आमच्याकडं ओट्यावर बसून तंबाखू मळतील, पण कुठं बोलवलं की "आपल्याला काय करायचंय" म्हणून उठतात.

---

दुधनाकाठ
रविवार, दुपारी १.२०

समुपदेशकदादा, खूप आभार. ती पंधरा प्रश्नांची यादी मैत्रिणीकडून मागवली. ऐकू येण्याचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज दोघांच्या घरी फोन केला.

मोंढा, गडीमाणसं पहिले दोन महिने फक्त दारापर्यंत यायची. पोळ्याच्या आधी ओढ्याची काळी माती आणून ठेवली आणि म्हणाले, पोरांना बैल करून द्यायचेत. पोरांसाठी म्हटल्यावर सहाजण आत आले.

त्यातले एक आजोबा, हात इतके थरथरतात की चहा बशीत सांडतो. मातीत हात घातला आणि थरथर पार गेली नाही, पण कमी दिसली. त्यांनी बैल केला तो बाकीच्यांसारखा डौलदार नव्हता. पाठीचा कणा वर आलेला, बरगड्या नखानं एकेक ओढलेल्या, मान खाली. मी विचारलं, हा असा का? म्हणाले, "बहात्तरचा हाय." मग कळलं, १९७२ च्या दुष्काळात त्यांनी जोडीतला एक बैल कवडीमोलानं विकला होता, कसायाला चाललाय हे माहीत असून. स्वतः खडी फोडायच्या कामावर होते, पोरं सुकडी खाऊन जगत होती. "त्यानं माघारी वळून बघितलं," एवढंच म्हणाले. पन्नास वर्षांत बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. शेजारचे आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी आपल्या बैलाच्या पुढ्यातला मातीचा चारा उचलला आणि त्या हाडकुळ्या बैलापुढं ठेवला.

पोळ्याला ते दोन्ही बैल पुजले. काळी माती वाळताना तडकते, त्यामुळं आठ दिवसांत बैलाचं शिंग गळालं. आजोबा म्हणाले, राहू द्या. राहू दिलं.

गटात आणखी एक गोष्ट कडक पाळतो. फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. एकदा एका पाहुण्यानं टाकला तर पुढचे दोन शनिवार तीन बायका आल्या नाहीत. छान झालंय, वाईट झालंय, पहिला नंबर, असं काही नाही. नुसतं बसायचं असेल तर बसा.

---

औसेकर
रविवार, रात्री ८.४५

बिघडलेलंही लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

आमचं मूळ गाव भूकंपपट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. घरातली तिघं गेली, त्यात माझी धाकटी बहीण. वडील आता एक्याऐंशीचे आहेत. अजूनही अनंत चतुर्दशीला रात्रभर अंगणात बसतात, घरात झोपत नाहीत.

काही वर्षांपूर्वी बाहेरून एक मंडळी गावात आली होती, नाव घेत नाही. चांगल्या मनानंच आली असतील. म्हाताऱ्यांना बसवलं, कागद दिले आणि म्हणाली, "त्या रात्रीचं चित्र काढा, मन मोकळं होईल." वडिलांनी काढलं. काळ्या खडूनं सगळा कागद भरला, खडू मोडेपर्यंत. मंडळी कागद घेऊन संध्याकाळच्या गाडीनं गेली. वडील आठ दिवस झोपले नाहीत, बीपी वाढलं, लातूरला नेऊन भरती करावं लागलं. तेव्हापासून असल्या प्रकारांची मला धास्ती आहे. ताई, तुमचं वाचून बरं वाटलं, पण मनात भीतीही आली.

---

समुपदेशक_नांदेड
रविवार, रात्री ९.५०

औसेकर, तुमची भीती रास्त आहे आणि तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. उघडलेली जखम तशीच टाकून जाणं याला उपचार म्हणता येत नाही. एका दिवसात येऊन कुणालाही "त्या रात्रीचं" चित्र काढायला सांगू नये, ही या कामातली पहिली शिकवण आहे. आधी आधाराचं, ओळखीचं, पायाखालची जमीन घट्ट करणारं काहीतरी. महिनोन्महिने. माणूस स्वतःहून त्या रात्रीकडं गेला तरच, तेही पुढच्या आठवड्यात भेटणार आहोत याची खात्री असेल तेव्हाच. आणि सत्र संपताना त्याला परत आजच्या दिवसात आणायचं. हात धुवायचे, चहा घ्यायचा, कुणासोबत घरी जाणार ते विचारायचं.

वडिलांना कधी भूकंपाच्या आधीच्या गावाबद्दल विचारलंय का? रात्र सोडा. गाव कसं होतं, एवढंच.

---

लेंगी
सोमवार, सकाळी ६.३०

मी किनवटकडच्या तांड्यावरची, सध्या नर्सिंगला आहे. एकच सांगायचंय. माझ्या आजीला मराठी समजते, पण मन गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीतच बोलतं. दवाखान्यात सगळे मराठीत विचारतात आणि ती "बरं हाय" म्हणून सुटका करून घेते. सुट्टीत घरी गेले तेव्हा तिची जुनी फेटिया म्हणजे घागरा काढला, आरसे निघाले होते, मी मुद्दाम चुकीचा टाका घालायला लागले. तिनं तो हातातून हिसकावून घेतला. शिवता शिवता आपल्या बोलीत माझ्या आजोबांना शिव्या घालत होती आणि हसत होती. मी तिला इतकं बोलताना तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. ज्याची जी बोली तीच तुमच्या खोलीत चालू द्या.

---

हिमरू
सोमवार, दुपारी ३.१५

छत्रपती संभाजीनगरहून. माझे सासरे, आम्ही सगळे अब्बाच म्हणतो, तरुणपणी हातमागावर हिमरू विणायचे. चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. मला कधी ओळखतात, कधी मी त्यांची बहीण असते. सांज झाली की "घरी जायचंय" म्हणून दाराशी उभे राहतात, घरातच असतात तरी.

एकदा रंगीत रिळांचा डबा सांडला. ते खाली बसले आणि रंग लावायला लागले, हिरव्याशेजारी पिवळा, पिवळ्याशेजारी पांढरा. पाय मात्र एकसारखा खालीवर. मला कळायला वेळ लागला, तो मागाचा पाय होता. आता असरच्या नमाजनंतर डबा त्यांच्यापुढं ठेवते. सोबत लहानपणी ऐकलेल्या नात, म्हणजे पैगंबरांवरची गीतं, आणि कव्वाल्या बारीक आवाजात. चारातले दोन दिवस संध्याकाळ शांत जाते. बाकी दोन दिवस डबाच फेकून देतात. वर कोक्रेनचं वाचलं तेव्हा जिवाला जरा बरं वाटलं, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.

सांभाळणाऱ्या माणसासाठीही एखादा तास असावा हो. मी मागच्या महिन्यात त्यांच्याशेजारी बसून रिळं लावली. नुसती लावली. किती दिवसांनी खांदे खाली आले.

---

दुधनाकाठ
सोमवार, रात्री ९.००

हिमरू, तुमची शेवटची ओळ मी मैत्रिणीला वाचून दाखवली. पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या शनिवारी सुना-लेकींसाठी वेगळा तास ठेवतोय. तुमच्यामुळं.

लेंगी, आमच्याकडं एक लमाण आजोबा येतात, ते का बोलत नाहीत ते आज कळलं.

---

बालाघाट_बीड
मंगळवार, रात्री ११.२०

सगळा धागा एका दमात वाचला. मी पुण्यात कंपनीत. आई पाटोदा तालुक्यात एकटी. दिवाळी झाली की आमच्या वस्तीवरची कर्ती माणसं कारखान्याला ऊसतोडीला जातात आणि चार-पाच महिने मागं राहतात ती म्हातारी आणि लेकरं. मी लहानपणी आई-दादांच्या मागं फडात होतो आणि आजी वस्तीवर होती. आता आई तिच्या जागी आहे.

वडील तीन वर्षांपूर्वी गेले. फोनवर आई म्हणते, "मी बरी हाय, तू जेवलास का?" एवढ्यावर फोन संपतो. शेजारची वहिनी सांगते, दिवसभर बाजेवर पडून असतात, तिन्हीसांजेला दिवाही लावत नाहीत. या रविवारी जातोय. दवाखान्यात नेऊन तपासण्या करणारच. पण त्याआधी, घरात, मी काय करू? मला ना गाता येतं ना चित्र काढता येतं. जातं केव्हाच विकलं.

---

दुधनाकाठ
बुधवार, सकाळी ६.००

दादा, तुम्हाला काहीच यायला नको, तेच बरं. आईला काय येत होतं ते आठवा. वाकळ शिवायच्या का? आमच्याकडं थंडीच्या आधी सगळ्या बायका शिवायच्या.

शिवत असतील तर वडिलांचे कपडे घरात असतील ते विचारा. पेटीत असतील. तुम्ही काढू नका, त्यांना काढू द्या. नाही काढले तर त्या दिवशी नाही. काढले तर शेजारी बसा आणि दोरा ओवून द्या, त्यांना नेढं दिसणार नाही. प्रश्न विचारायचाच झाला तर कपड्याबद्दल विचारा. "हे धोतर कधीचं?" एवढंच. "आई, तू उदास आहेस का?" हे नको. मोबाइल बाहेर ओसरीवर ठेवा. त्या गप्प राहिल्या तर तुम्हीही राहा. तासाभरात आवरा, दमतात त्या. उरलेलं उघडंच ठेवून या, आपल्या आपण हात लागू द्या.

---

औसेकर
शुक्रवार, रात्री १०.३०

समुपदेशक, तुम्ही म्हणालात तसं वडिलांना विचारलं, जुनं गाव कसं होतं. म्हणाले, कागद नको. अंगणात पांढरी फक्की आणि खडे घेऊन बसले. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, आमचंही त्यातलं. नवं गाव सगळं सरळ रेषेत आहे. त्यांनी फक्कीनं जुन्या गल्ल्या ओढल्या, एकही सरळ नव्हती. वेस, आड, वाण्याचा वाडा, पिंपळ. प्रत्येक घराला एक खडा. माझ्या दोन्ही मुली बाजूला बसून "हे कुणाचं, हे कुणाचं" विचारत होत्या आणि ते नावानिशी सांगत होते. आमच्या घरापाशी आले तेव्हा त्यांनी खडा ठेवला नाही. धाकट्या नातीच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू ठिव." तिनं ठेवला.

रात्री झोप लागली त्यांना. मी दोनदा उठून बघितलं.

---

बालाघाट_बीड
सोमवार, रात्री ९.४०

ताई, जाऊन आलो. शनिवारी रात्री काही झालं नाही. रविवारी सकाळी मी म्हणालो, पुण्यात थंडी फार आहे, अंगावर घ्यायला काही नाही. खोटं बोललो. आई बराच वेळ बाजेवरच होती. मग उठून पेटी उघडली. दादांची दोन धोतरं, एक पटका आणि मी शाळेत घालायचो ती खाकी चड्डी. चड्डी तिनं ठेवली असेल हे मला माहीतही नव्हतं.

धोतर अंथरलं, त्यावर पटक्याचे तुकडे मांडले. मी दोरा ओवून दिला. तिनं टाके घातले, वाकडे पडले, उसवले, परत घातले. दादांबद्दल एक शब्द नाही. अर्ध्या तासानं म्हणाली, "ह्यो पटका तुज्या लग्नातला. त्यांला घट्ट व्हायचा. दिवसभर डोकं खाजवत होते." आणि हसली. मग तोंड फिरवून टाके घालत राहिली.

दुपारी बीडला नेऊन रक्त दिलं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं, औषधं सुरू केली, बाकीचे रिपोर्ट उद्या येतील. पुढच्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला दाखवणार आहे, वहिनी सोबत जाईल.

आज संध्याकाळी तिचा फोन आला, तिनं स्वतः लावलेला. म्हणाली, येताना मोठ्या नेढ्याची सुई आण, हितल्या दुकानात बारीकच मिळत्यात.